दंड भरावा, दंड देऊ नये

पुढची साथ कधी येईल कोण जाणे, पण ती आली की मागोमाग लस येणार, आणि विद्यापीठात शिकणाऱ्या तुमच्यासारख्यांना काहीतरी भूमिका घ्यावी लागणार. ऐनवेळी धांदल नको, म्हणून 2021 साली, कोरोनाच्या साथीत, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जे पाहिलं ते सांगून ठेवतो. भाचा तेव्हा आमच्याकडेच राहून सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. गुरू तोच.

पहिलं म्हणजे, लस ‘नको’ असं कधी म्हणू नका. नको म्हणणारा अडाणी ठरतो. ‘मी थोडं वाचतोय’ म्हणा. काय वाचताय ते कुणी विचारत नाही. 1 मेपासून अठराच्या पुढच्यांना लस खुली झाली. स्लॉट मिळत नव्हते तोवर भाचा सरकारवर चिडलेला होता. मिळायला लागले तशी त्याला शंका यायला लागली. आधी दोन डोसांत चार-सहा आठवड्यांचं अंतर म्हणाले, मग सहा-आठ, आता एकदम 84 दिवस. ‘मामा, शास्त्रज्ञांचंच अजून ठरत नाहीये!’

प्रयोगही करावा. जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर चमचे आणि नाणी चिकटतात असा व्हिडिओ फिरत होता. भाच्याने लगेच माझ्या दोन डोस झालेल्या दंडाला चमचा लावला. चिकटला! मग मी तोच त्याच्या कोऱ्या दंडाला लावला. तिथेही चिकटला. बडोद्याचा जून, दोघंही घामाने निथळत होतो. फ्रिजवरचं चुंबक मात्र त्या चमच्याला काही केल्या चिकटेना. अशा वेळी डगमगू नका. ‘डेटा कमी आहे’ म्हणा आणि चमचा धुवायला टाका.

लशीत काय काय घातलंय हे कळल्याशिवाय बाही वर करायची नाही, हे तर तत्त्वच. सेव-उसळीवरच्या तरीला ते लागू नाही. दंडावर गोंदवून घेताना सुईला आणि शाईलाही नाही. तीच तरी पिण्यासाठी मास्क हनुवटीवर घेतला आणि 1000 रुपये दंड झाला, तो भाच्याने निमूट भरला. सरकारी केंद्रावर लस फुकट होती. पण फुकट म्हणजे संशय आलाच.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून जपा. (त्यांना जपायचं असतं, ते वेगळं.) ‘आमच्या वयाला काही होत नाही,’ असं भाचा जेवताना बोलून गेला. आजी त्याच्याच खोलीत झोपायची. तिने पोलक्याची बाही वर सरकवली. दंडावर देवी काढल्याचे दोन गोल, चुण्या पडलेले व्रण. ‘तुझ्या दंडावर हे का नाहीत रे?’

उत्तर त्याला पाठ होतं: देशातला देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला, मग टोचायचं कशाला? ते तो बोलूनही गेला आणि घास हातातच राहिला. तुम्ही ही चूक करू नका. बाही सरकताना दिसली की मोबाईलकडे बघा.

आणि भूमिका बदलायची झाली तर दबकत बदलू नये. कॅनडाचं ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात शिकायला परदेशी जाणाऱ्यांना कोव्हिशील्डचा दुसरा डोस 28 दिवसांनी घेता येईल, असा नियम निघाला. भाचा सकाळी सातला केंद्राच्या दारात. अंतर कमी करणं शास्त्राला धरून आहे, हे तोच आता मला समजावत होता. कोव्हॅक्सिन नको, तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता अजून नव्हती. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेवढ्यात त्याने सर्टिफिकेटवर पासपोर्टचा नंबर कसा चढवायचा याची सगळी चौकशी केली. लशीत काय असतं ते विचारायचं राहिलं. रात्री ताप आला तेव्हा घड्या आजीनेच ठेवल्या.

2022 उजाडलं तसा टोरोंटोहून व्हिडिओ कॉल: ‘मामा, साठीच्या पुढच्या रक्तदाबवाल्यांना तिसरा डोस सुरू झालाय म्हणे. आजीला नेलंस का?’

आजी पलंगावर ‘संदेश’ पुढ्यात घेऊन बसली होती. गुजराती पेपर, त्यातलं कोडं तेवढं ती सोडवते. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘त्याला सांग, मी थोडं वाचतेय.’