चहा हरवला आहे

आमच्या सोसायटीत माणसांना नावं नसतात, फ्लॅटचे नंबर असतात. निदान माझ्यापुरतं तरी तसंच आहे. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या या दोन विंगांच्या बिल्डिंगचा मी तेरा वर्षं सेक्रेटरी आहे. ‘एकशे तीनला गळती’, ‘पाचशे एकचं पार्किंग’, ‘दोनशे चारची सासू पडली’ असंच आम्ही बोलतो. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर बेल वाजली आणि दार उघडलं, तेव्हा समोर मला दिसला तो चारशे दोन, सपत्नीक, आणि दोघांच्या मध्ये त्यांचा कुत्रा.

‘‘काका, गावी चाललोय, कुडाळला. भाऊबीजेला परत. तेवढे दिवस ठेवाल का याला?’’

बरोबर का नेत नाही म्हणून विचारलं, तर त्याने रेल्वेचा नियमच ऐकवला. कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचं अख्खं कूपे घ्यायचं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत घालायचं. दिवाळीत कोकण रेल्वेचं अख्खं कूपे! इथे माणसं संडासाच्या दाराशी पेपर पसरून सावंतवाडी गाठतात. शिवाय हा पाच तारखेच्या आत मेंटेनन्स भरणारा सभासद. सेक्रेटरीच्या आयुष्यात अशी माणसं मोजकी येतात, त्यांना नाही म्हणवत नाही. मी पट्टा हातात घेतला.

कुत्र्याचं नाव चहा. पिल्लू असताना कचराळी तलावाजवळच्या टपरीखाली सापडला म्हणून. रंगही तसाच. जात गावठी, जिला हल्ली ‘इंडी’ म्हणायचं असतं. आमच्याकडे तो अगदी जावयासारखा राहिला. सगळं खाल्लं, कशाला हात लावला नाही, सोफ्यावर झोपला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडं ठेवायची आपली पद्धत. लक्ष्मी आत यावी म्हणून. लक्ष्मी यायच्या आत चहा बाहेर गेला.

कारण सुतळी बॉम्ब. तो फुटला ‘फटाक्यांचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा’ या मी स्वतः लावलेल्या नोटिशीच्या बरोब्बर खाली. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. म्हणजे आपल्याला जो ‘धडाम’ ऐकू येतो त्याच्यावर त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल, ते त्याचं तोच जाणे. मी आरतीचं ताट घेऊन वळलो तेव्हा रांगोळीवर चार पावलांचे ठसे होते. लक्ष्मीची पावलं आत येताना काढलेली, ही बाहेर जाताना.

मी तसाच, सोवळ्यात, खाली धावलो आणि हाका मारायला लागलो.

आता हे नाव ठेवताना चारशे दोनने काही विचार केला नव्हता. साठीला टेकलेला एक माणूस, अंगावर कद, पायात काही नाही, गल्लीच्या मधोमध उभा राहून काकुळतीने ओरडतोय, ‘‘चहाऽऽ! अरे चहाऽऽ!’’ समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरून एक बाई म्हणाल्या, ‘‘अहो या ना वर काका, टाकतेच आहे मी.’’ नाक्यावरच्या टपरीवाल्याने मान वर न करता विचारलं, ‘‘किती?’’ साडेनवापर्यंत माझ्या पोटात पाच कप गेले होते आणि कुत्र्याचा पत्ता नव्हता.

रात्री दहाला पाचशे एकने ‘चहा शोध मोहीम’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. अकरापर्यंत त्यात दोनशेच्या वर माणसं होती. त्यातले पन्नास जण चहा म्हणजे कोण हे विचारत होते आणि बाकीचे एकमेकांना लक्ष्मीची ॲनिमेशनवाली चित्रं पाठवत होते.

पत्रक मी लिहिलं. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७.४० च्या सुमारास चहा (कुत्रा) हा सोसायटीच्या आवारातून विनापरवानगी निघून गेला असून...’ ही माझी शैली. लेकीने ती वाचली, मला खुर्चीवरून उठवलं आणि मोठ्या अक्षरांत फक्त ‘चहा हरवला आहे’ एवढं ठेवलं. खाली फोटो. फोटोवरून वाद नव्हता, रंगावरून झाला. ‘चहाच्या रंगाचा’ असं लिहिल्यावर ग्रुपवर प्रश्न आला, कुठल्या चहाच्या? इराण्याकडच्या की घरच्या? एकशे तीनच्या मते तो दूध जास्त झालेला होता. दोनशे चारची सासू, जी पडली होती आणि पडूनच होती, तिने व्हॉइस मेसेज पाठवला की उकळी कमी पडल्यावर होतो तो रंग. शेवटी ‘मध्यम’ असं ठरलं. कुत्र्याच्या वर्णनात ‘मध्यम’ लिहिल्याने शोधाला किती मदत होते हे सांगायला नको.

पत्रक साडेअकराला ग्रुपवर पडलं. पावणेबाराला कुडाळहून फोन आला. ‘‘काका, हा आमचाच चहा ना?’’ तासाभरापूर्वी मी त्यांना ‘छान झोपलाय’ म्हणून सांगितलं होतं. त्या फोनबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ती मुलगी रडत रडत मलाच ‘तुम्ही काळजी करू नका’ म्हणत होती, एवढंच.

पाडव्याला खरी मोहीम सुरू झाली. ठाणेकरांना कुत्रा शोधता येत नाही, पण कार्यक्रम करता येतो. सकाळी नऊला कोपऱ्यावरच्या मंडळाची पोरं आली आणि दुपारपर्यंत दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला. वर ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. मध्ये एक भावी नगरसेवक हात जोडून. त्यांच्या भोवती वर्तुळांत अकरा शुभेच्छुक. अगदी खाली डाव्या कोपऱ्यात बारावं वर्तुळ, त्यात चहा. लांबून बघणाऱ्याला तोही शुभेच्छुकच वाटत होता.

मग तुकड्या पडल्या. रिटायर्ड इंजिनियर सहाशे दोन यांचा सिद्धांत होता की घाबरलेला प्राणी पाण्याकडे जातो. एरवी हा सिद्धांत निरुपद्रवी आहे, पण ठाण्यात नाही. हे तलावांचं शहर. एक तुकडी मासुंद्याला, एक सिद्धेश्वरला, एक आंबेघोसाळेला, एक थेट उपवनला. मासुंद्याची तुकडी तलावपाळीवर भेळ खाऊन आली. उपवनच्या तुकडीने सूर्यास्ताचे फोटो पाठवले. त्यावर तीनशे तीनने लिहिलं की उपवनच्या वर येऊर आहे, येऊरला बिबटे आहेत, आणि २०१९ साली तर बिबट्या समतानगरच्या मॉलपर्यंत आला होता. ते खरंच आहे, आला होता. पण ही माहिती त्या क्षणी, कुडाळचे दोन नंबर ग्रुपमध्ये असताना, द्यायची का? तीनशे तीनला मी लिफ्टमध्येही टाळतो ते उगीच नाही.

संध्याकाळपर्यंत लोकांनी आमच्या गेटवर चार कुत्रे आणले. चारही मध्यम. त्यातल्या तिघांच्या एका कानाचं टोक कापलेलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ही कुत्री भांडतात आणि एकमेकांचे कान तोडतात.

‘‘नसबंदी झाल्याची खूण असते ती,’’ मागून आवाज आला. ‘‘खाच पाडतात कानाला. म्हणजे परत पकडून नेत नाहीत. जिथून आणलंत तिथेच नेऊन सोडा त्यांना. तिघंही घाबरलेत.’’

बी विंगचा झिरो तीन.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. झिरो तीन या बाई रोज रात्री दहाला स्टीलचा डबा घेऊन निघतात आणि गल्लीतल्या कुत्र्यांना जेवायला घालतात. तीन वर्षांपूर्वी मी नोटीस लावली, ‘आवारात भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे.’ दुसऱ्या दिवशी तिच्यावर त्यांनी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला नियम २० चिकटवला. खाऊ घालायची जागा सोसायटीनेच ठरवून द्यायची असते, या वाक्यावर पिवळा हायलायटर. मी त्याच्यावर दुसरी नोटीस लावली. त्यांनी तिच्यावर पुन्हा नियम. एव्हाना बोर्डावर तो थर बोटभर जाड झाला आहे. तोंडाने आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

‘‘काल रात्रीपासून तुम्ही चाळीस जण ओरडत फिरताय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भेदरलेलं कुत्रं मालकाच्याही हाकेला ओ देत नाही. गप्प बसतं. तुम्ही जितके ओरडाल तितकं ते आत सरकतं. ही मिरवणूक आधी घरी पाठवा.’’

‘‘पण शोधायचं कुठे?’’

‘‘माझी काळी काल रात्री पत्र्याच्या आत झोपायला गेली नाही. बाहेर बसून गुरगुरत होती. आत कोणीतरी पाहुणा आलाय.’’

पत्रा म्हणजे रिडेव्हलपमेंट. आमच्या गल्लीतल्या पाच बिल्डिंगांपैकी तीन सध्या पत्र्याआड आहेत. जिथे काळी झोपते तो प्लॉट आमच्या गेटपासून दीडशे पावलांवर. उपवनला जाऊन आले लोक!

मध्यरात्री फटाके थांबेपर्यंत थांबायचं, मग आणखी दोन तास थांबायचं, असा त्यांचा हुकूम. अडीचला आम्ही दोघं पत्र्याच्या फटीतून आत शिरलो. वॉचमनने बॅटरी दिली. रेतीचा ढीग, सळया, आणि भिंतीशी रचलेल्या सेंट्रिंगच्या प्लेटा. त्यांच्या खालच्या सांदीत उजेड मारला तर दोन हिरवे ठिपके. मी ‘च’ म्हणेपर्यंत बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मेंटेनन्स थकवणाऱ्यांनीही तेरा वर्षांत हे धाडस केलं नव्हतं.

‘‘मालकांचं न धुतलेलं काही मिळेल?’’ त्या कुजबुजल्या.

चारशे दोनची किल्ली माझ्याकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला. पहाटे तीनला एका सभासदाच्या धुण्याच्या टोपलीत बॅटरी मारून सेक्रेटरी मोजे निवडतो आहे, हे दृश्य उपविधींमध्ये कुठेच बसत नाही. मी एक टी-शर्ट आणि दोन मोजे घेतले. मोजे एकमेकांचे नव्हते, पण वास होता. भरपूर होता.

परत आल्यावर बाईंनी मला सांदीकडे पाठ करून जमिनीवर बसवलं. टी-शर्ट आणि मोजे मागे पसरले. मग डबा उघडून माझ्या तळहातावर काहीतरी गार, मऊ ठेवलं.

‘‘काय आहे हे?’’

‘‘उकडलेली कलेजी.’’

आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा आलेला नाही. मी कलेजी धरलेला तो हात शक्य तितका अंगापासून लांब, मागे जमिनीवर ठेवला आणि बसून राहिलो.

‘‘वळून बघू नका. डोळ्यांत बघितलं की त्यांना धमकी वाटते. अधूनमधून जांभई द्या.’’

‘‘जांभई?’’

‘‘आपण निवांत आहोत असं कळतं त्यांना.’’

तेरा वर्षांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा पाठीशी असल्यामुळे हे मला सहज जमलं. डास चावत होते. उठणं शक्य नव्हतं. पाऊण तास आम्ही दोघं रेतीवर शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून, आळीपाळीने जांभया देत बसलो. मध्येच बाई म्हणाल्या, ‘‘एक विचारू? नोटिसा तुम्ही स्वतः टाइप करता?’’

‘‘हो.’’

‘‘विष्ठा शब्दात ठ असतो. तुम्ही ट लिहिता. तीन वर्षं सांगायचं होतं.’’

मी उत्तर शोधत होतो. इतक्यात मागे पत्रा किंचित वाजला. मग काही नाही. मग पुन्हा काही नाही. मग माझ्या मनगटावर काहीतरी ओलं, गार टेकलं आणि उचललं गेलं. पुन्हा टेकलं. गरम श्वास बोटांवरून फिरला आणि हातातली कलेजी गेली. दात लागले नाहीत, नुसती खरखरीत जीभ. नंतर बराच वेळ मोज्यांशी चाललेला हुंगण्याचा आवाज. बाईंनी वळूनही न बघता हात मागे नेला आणि पट्ट्याची कडी ‘टक्’ करून अडकवली. तेव्हा तो माझ्या मांडीवर चढला. थरथरत होता, अंगाला सिमेंट लागलेलं, रंग मध्यम.

घरी हिने दार उघडलं, आधी कुत्र्याला जवळ घेतलं, मग माझा हात हुंगला आणि म्हणाली, ‘‘आधी आंघोळ. भाऊबीज आहे आज.’’

संध्याकाळी चारशे दोन आले. काय झालं ते मी सांगत नाही. चहा त्यांच्या अंगावर उड्या मारत होता, आणि ती मुलगी झिरो तीनच्या गळ्यात पडली, आणि मी फक्त मोजे परत दिले.

पुढच्या कमिटीत पंपरूमच्या मागची जागा ठरली. रात्री दहा ते साडेदहा, भांडी बाईंनी उचलायची, विष्ठा ज्याच्या-त्याच्या कुत्र्याची त्याने. मिनिट्समध्ये हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी ठ लिहिला. फ्लेक्स अजून आहे. भावी नगरसेवकांना तो उतरवायची घाई नाही. साठ पत्रकांपैकी एक्केचाळीस मी स्वतः खरवडून काढली. उरलेली मंडळाच्या पोरांनी कुठे कुठे नेऊन डकवली, त्यांचं त्यांनाही आठवत नाही. त्यामुळे माझा फोन अजून वाजतो. कालच कळव्याहून एका गृहस्थांचा आला.

‘‘तुमचा चहा सापडलाय.’’

‘‘अहो, आमचा दिवाळीतच मिळाला. घरी आहे.’’

पलीकडे जरा वेळ शांतता.

‘‘मग हा कोणाचा? हाक मारली की येतो.’’

‘‘रंग कसा आहे?’’

‘‘काळा. म्हणजे कोराच म्हणा,’’ ते म्हणाले. ‘‘पण दूध घालतोय आम्ही रोज.’’