‘जास्त जीबी बघा आणि कार्ड घ्या’: या सल्ल्यात कुठं काय चुकतं

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की व्हॉट्सॲपवर गेमिंग कॉम्प्युटरचा एक सल्ला फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. ग्राफिक्स कार्ड जास्त जीबीचं घ्या, जमलं तर आरटीएक्सच घ्या. प्रोसेसर जुना असला तरी चालतो. पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत येतोच. मायनिंगच्या (क्रिप्टो चलन मिळवायला दिवसरात्र चालवलेल्या) कार्डाला हात लावू नका. आपल्याकडच्या उन्हात कार्ड ८० डिग्रीला गेलं की जळतं. आणि यूपीएस लावला की लाईटची काळजी मिटली.

यातली निम्मी वाक्यं अर्धवट खरी आहेत, म्हणूनच ती इतकी टिकली. पण सल्ल्याची सुरुवातच कार्डापासून होते, तिथं गाडी चुकते. कार्ड सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. पोरं नेमका कोणता गेम खेळणार, समोर कोणती स्क्रीन आहे आणि पॉवर सप्लायमध्ये किती दम आहे, या तीन गोष्टी कळल्या की कार्डाची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते. घरातल्या ३२ इंची टीव्हीलाच कॉम्प्युटर जोडणार असाल तर आधी टीव्हीचं रिझोल्यूशन बघा. अशा बऱ्याच टीव्हींचं ते १३६६ × ७६८ असतं. तिथं महागड्या कार्डाचे पैसे दिसणारच नाहीत.

आता एकेक मुद्दा.

‘जास्त जीबी म्हणजे भारी कार्ड’

एनव्हिडियाचं जीटी ७३० हे कार्ड ४ जीबीत मिळतं आणि त्यांचंच जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचंच. पहिल्याच्या ६४ बिट (बिट म्हणजे मेमरीच्या रस्त्याची रुंदी) डीडीआर३ या जुन्या मेमरीच्या मॉडेलमध्ये मेमरीतून सेकंदाला साधारण १४.४ जीबी डेटा जातो, दुसऱ्याच्या जीडीडीआर५ मॉडेलमध्ये १२८ जीबी. जवळपास नऊ पट फरक. मोंढ्यातलं गोदाम कितीही मोठं असलं, तरी दारातून एका वेळी एकच पोतं निघत असेल तर ट्रक भरायला रात्र होणार. इथं तेच होतं. शिवाय जीटी ७३० या एकाच नावाखाली तीन वेगळी कार्डं विकली गेली: ९६ कोअरचं (कोअर म्हणजे काम करणारे छोटे भाग), ३८४ कोअरचं डीडीआर३ आणि ३८४ कोअरचं जीडीडीआर५. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त ‘४ जीबी’.

एक गोष्ट मान्य करायला हवी. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमच्या अधिकृत शिफारशीत सेकंदाला ६० फ्रेमसाठी (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एकेक चित्र) जीटी ७३० चं नाव आहे, आणि सल्ल्याचं मूळ बहुधा तिथंच असावं. पण त्याच यादीत १४४ फ्रेमच्या पुढं जायचं तर जीटीएक्स १०५० टीआय लिहिलंय. आणि जीटी ७३० च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२१ पासूनच बंद आहेत. फक्त व्हॅलोरंटच खेळायचा असेल तर कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. मात्र रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या हव्यात. १६ ची एकच पट्टी लावली तर आतलं ग्राफिक्स अक्षरशः अर्ध्या रस्त्यावर चालतं, कारण त्याला वेगळी मेमरी नसते, ते रॅमच वापरतं.

जीबीला किंमत नाही असं मुळीच नाही. नव्या मोठ्या गेमना १०८० पीवर ८ जीबी आता कमीत कमी धरा. ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर ‘हाय’ केले की पात्र वळताना गेम अडखळतो. पण जीबीसोबत बिट बघा. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड १९२ बिटचं, ८ जीबीचं १२८ बिटचं. म्हणजे नाव तेच ठेवून जागाही कमी केली आणि रस्ताही अरुंद केला. आरटीएक्स ३०५० चंही तसंच: ८ जीबीत २५६० कोअर, ६ जीबीत २३०४. बिलावर ‘३०५०’ एवढंच लिहून घेऊ नका.

‘आरटीएक्सच पाहिजे’

आरटीएक्स हे एनव्हिडियाच्या मालिकेचं नाव. त्याची ओळख असलेल्या रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावली खऱ्यासारखी दाखवण्याचं) हार्डवेअर एएमडीच्या आरएक्स ६६०० मध्येही आहे आणि इंटेलच्या आर्क कार्डांमध्येही. काही नवे गेम रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत हे खरं, पण २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमच्या किमान गरजेत आरएक्स ६६०० चं नाव आहे. रे ट्रेसिंग नसलेल्या गेममध्ये हे कार्ड ६ जीबीच्या आरटीएक्स ३०५० पेक्षा सरळ पुढं असतं. आरटीएक्सचा खरा फायदा डीएलएसएसचा: कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करण्याची त्याची हातोटी उत्तम आहे. आरएक्स आणि आरटीएक्स एकाच भावात दिसली तर तेवढ्यासाठी आरटीएक्स घ्यायला हरकत नाही, पण मग ४०६० किंवा त्याच्या पुढचं.

‘प्रोसेसर जुना असला तरी चालतो’

ऑफिसातून निघालेले, दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या आय५ चे डबे छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे मिळतात, आणि सल्ला म्हणतो त्यात कार्ड टाका. चार ठिकाणी अडतं.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या सूचनांचा नवा संच) नाही. काही नवे गेम त्यावर उघडतच नाहीत. दुसऱ्या पिढीचा, कार्ड बसवायचा पीसीआयई स्लॉट जुन्या, हळू २.० चा असतो, आणि आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड डेटाच्या चारच लेनवर चालतं, त्यामुळं अशा स्लॉटमध्ये ते गुदमरतं. इंटेलचं आर्क बी५८० सध्या ‘१२ जीबी स्वस्तात’ म्हणून सुचवतात, ते तर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डावर घेऊच नये. आणि ऑफिसच्या बुटक्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, पॉवर सप्लायही कंपनीच्या खास आकाराचा असतो, बदलता येत नाही. असा डबा घरात आधीच असेल तर एकच वाट उरते: बुटक्या पट्टीचं, वेगळी वायर न लागणारं कार्ड. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० तसं मिळतं, ७० वॉटमध्ये भागतं. तेही घेण्याआधी बोर्डाचा बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्या, यूईएफआय प्रकारचा आहे का बघा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी मागतो. हे दोन्ही बायोसमध्ये चालू करावे लागतात. नव्या कॉम्प्युटरवर गेम उघडला नाही तर कार्डाला दोष देण्याआधी तिथं बघा.

‘पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत येतोच’

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं.

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, ४५० किंवा ५०० वॉट छापलेलं असतं. त्या आकड्याकडं बघू नका. बाजूच्या लेबलवर +१२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथं १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही यातूनच ओढतात. आता हिशेब करा: आरएक्स ६६०० चे १३२ वॉट, रायझन ५ ५६०० चे जोरात चालताना ७६, बोर्ड-पंखे-एसएसडीचे ४०. झाले २४८. वर छापलेल्या ४५० चा इथं काही संबंध नाही. चांगल्या, ८० प्लस ब्राँझ ४५० वॉटच्या सप्लायवर त्याच रकान्यात ३५ च्या आसपास अँपिअर दिसतात. आरएक्स ६६०० ला एएमडी ४५० वॉटचा सप्लाय सांगते, आरटीएक्स ४०६० ला एनव्हिडिया ५५० चा. हे आकडे अशा खऱ्या वॉटचे आहेत.

स्वस्तातल्या सप्लायला कार्डासाठीची ६+२ पिनची वायर नसते, मग दुकानदार कन्व्हर्टर देतो. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) पिनेतून ६ पिन काढणारा कन्व्हर्टर कधीच लावू नका. साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॉटच सुरक्षित जातात, आणि ६ पिनेतून कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. उलट चूकही होते: प्रोसेसरची ४+४ पिनची वायर कार्डात कोंबायची. दिसायला सारखी, पण आतली प्लस-मायनसची जागा उलटी. जोर लावावा लागतोय म्हणजे वायर चुकली.

लक्षणही ओळखून ठेवा. गेम सुरू होताच कॉम्प्युटर झटकन बंद होऊन पुन्हा चालू झाला, तर संशय आधी सप्लायवर.

‘मायनिंगच्या कार्डाला हात लावू नका’

इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं. तेव्हा बाजारात आलेल्या कार्डांमध्ये सतत एका तापमानावर चाललेलं कार्ड रोज तापून थंड होणाऱ्या कार्डापेक्षा वाईटच असेल असं नाही. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती थर्मल पेस्ट व पॅड. हे सगळं बदलता येतं.

खरी भीती वेगळी आहे. जुन्या जीटीएस ४५० वर बायोस बदलून ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डं बाजारात आहेत. ‘आरएक्स ५८० ८ जीबी’ म्हणून मिळणारं बरंचसं ‘२०४८एसपी’ हे कमी कोअरचं मॉडेल निघतं, म्हणजे खरं तर ५७० च्या ताकदीचं. पैसे देण्याआधी चालू कॉम्प्युटरवर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. बनावट असेल तर तो बऱ्याचदा तसं स्पष्ट लिहितो, आणि कोअरची संख्याही तिथंच कळते: खऱ्या ५८० ला २३०४. मग कार्डावर पूर्ण ताण टाकणारा फरमार्क हा प्रोग्रॅम २० मिनिटं चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा आल्या तर कार्ड परत. ‘लाईट गेली, आता चालवून दाखवता येत नाही’ असं विक्रेता म्हणाला तर लाईट आल्यावर या.

जुनं घेताना जीटीएक्स १०५० आणि १०६० ची पिढी टाळा. नव्या गेमसाठीचे त्यांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. १६५० पासून पुढं अजून चालू आहेत.

‘८० डिग्रीला कार्ड जळतं’

जळत नाही. एनव्हिडियाची अनेक कार्डं ८३ डिग्रीच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, एएमडीच्या कार्डांना हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, ११० पर्यंत चालतो. पण मराठवाड्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. खोली जितकी तापते तितकंच कार्डही वर सरकतं: २५ डिग्रीच्या खोलीत ६५ वर चालणारं कार्ड मेमध्ये पत्र्याच्या, ४० डिग्रीच्या खोलीत ८० गाठणार. मुलं मग कॅबिनेटची बाजू उघडी ठेवतात आणि काळ्या मातीची बारीक धूळ थेट आत बसते. त्यापेक्षा गेममध्ये फ्रेमची मर्यादा स्क्रीनएवढी लावा. ७५ हर्ट्झच्या स्क्रीनवर २०० फ्रेम काढून कार्ड फक्त तापतं. तरी भागलं नाही तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग थोडासाच कमी होतो, उष्णता बरीच.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर घेऊ नका. पॅडमधून उडणाऱ्या बारीक थेंबांत बोअरचे क्षार असतात, ते सुकून पांढरी पूड होते आणि धुळीसोबत हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते. दोन महिन्यांतून एकदा ब्रश आणि ब्लोअरनं साफ करा, पण कार्डाचा पंखा बोटानं धरून. ब्लोअरनं तो भिंगरीसारखा फिरवला की बेअरिंग जाते.

नवं कार्ड लावूनही गेम हळू चालत असेल तर आधी मागं बघा. मॉनिटरची एचडीएमआय वायर वरच्या, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असते आणि कार्ड रिकामं बसलेलं असतं. वायर खालच्या, कार्डाच्या सॉकेटमध्ये लावायची. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झही बघा. १०० हर्ट्झची स्क्रीन कित्येकदा ६० वरच राहिलेली असते.

‘यूपीएस लावला की मिटलं’

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ३०० च्या घरात जातात. बॅटरी काही मिनिटंच टिकणार: गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर तो साइन वेव्हचा हवा आणि स्विच यूपीएस मोडवर. चांगला सप्लाय लाईटविना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

यूपीएस जे सोडवत नाही ते अर्थिंग. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॉम्प्युटर बिघडला असं आधी समजू नका. बहुतेक वेळा भिंतीवरच्या बोर्डाची तिसरी पिन कुठंच जोडलेली नसते आणि सप्लायच्या फिल्टरमधला गळतीचा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. दोन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डावर तर हे हमखास. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पावसाळ्यात आकडा ठीक आणि मेमध्ये वाढलेला दिसला तर कारण जमिनीत आहे: काळी माती सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता आणि पुन्हा मोजा.