‘माणूस असेल तर आ’ हा नियम अपुरा का आहे

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता बराच फिरतो. त्यात तीन विधाने आहेत: प्रत्यक्ष कर्म माणूस असेल तर त्याआधी ‘आ’ हा छोटा शब्द लावावा, वस्तू असेल तर लावू नये; ‘आ’ लागला की ते कर्म अप्रत्यक्ष होते; आणि हा ‘आ’ म्हणजे आपला मराठी ‘ला’ प्रत्ययच. तिन्ही विधानांत थोडेफार तथ्य आहे, आणि म्हणूनच ती दिशाभूल करतात.

‘वेओ ला कासा’ (मला घर दिसते) आणि ‘वेओ आ मारिया’ (मला मारिया दिसते) या जोडीवर पहिले विधान बेतलेले आहे. मात्र ‘मला दोन भाऊ आहेत’ हे स्पॅनिशमध्ये ‘तेंगो दोस एर्मानोस’ असे होते. भाऊ माणसेच असूनही तेथे ‘आ’ येत नाही. ‘बुस्को उना सेक्रेतारिया के आब्ले फ्रान्सेस’ असे म्हणणाऱ्याला फ्रेंच बोलणारी कोणीही सचिव चालेल, तर ‘बुस्को आ उना सेक्रेतारिया के आब्ला फ्रान्सेस’ म्हणणारा एका ठरावीक व्यक्तीला शोधत असतो. हा फरक इतका खोल आहे की त्यासोबत ‘आब्ले’चे ‘आब्ला’ असे क्रियापदाचे रूपही बदलते. मग निश्चित व्यक्ती हाच निकष मानावा, तर ‘नो वी आ नादिए’ (मला कोणीही दिसले नाही) आडवे येते: तेथे व्यक्तीच नाही, तरी ‘नादिए’आधी ‘आ’ अनिवार्य आहे.

वस्तूंनाही तो वर्ज्य नाही. ‘ला म्येल सुस्तितुये अल आसुकार’, म्हणजे मध साखरेची जागा घेतो. (‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘अल’ होते.) स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदानंतरही येऊ शकतो, त्यामुळे कोणी कोणाची जागा घेतली, हे येथे ‘आ’ स्पष्ट करतो.

दुसरे विधान सर्वनाम घालून तपासता येते. ‘वी आ मारिया’ (मी मारियाला पाहिले) याचे ‘ला वी’ होते, तर ‘दी उन लिब्रो आ मारिया’ (मी मारियाला पुस्तक दिले) याचे ‘ले दी उन लिब्रो’ होते. ‘ला’ प्रत्यक्ष कर्माचे, ‘ले’ अप्रत्यक्षाचे. तपासणी स्त्रीलिंगी नामावर करणे बरे, कारण स्पेनच्या बऱ्याच भागांत पुरुषाबद्दल ‘लो वी’ऐवजी ‘ले वी’ म्हणतात आणि एकवचनात ते रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या प्रमाण संस्थेलाही मान्य आहे.

तिसऱ्या विधानातले मराठी ‘ला’शी असलेले साम्य मात्र खरेच लक्षवेधी आहे. ‘त्यांनी मुलगी पाहिली’ म्हटले की कांदेपोहे आठवतात, ‘मुलीला पाहिले’ म्हटले की एखादी विशिष्ट मुलगी नजरेपुढे येते. पण मराठीत अशा भूतकाळी वाक्यात ‘ला’ लागताच कर्मणी प्रयोगाचा भावे प्रयोग होतो आणि ‘पाहिली’चे ‘पाहिले’ होते. स्पॅनिशमध्ये ‘आ’ येवो वा न येवो, क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. शिवाय ‘मी मारिया पाहिली’ असे म्हणून मराठीत निभावता येईल. स्पॅनिशमध्ये ‘वी मारिया’ ही सरळ चूक ठरते.