लंडन म्हणजे नक्की कुठलं?

मी हॅरोला राहते, पण माझ्या पत्त्यात लंडन हा शब्दच नाही, आणि गावाकडच्या लोकांना हे पटवून देताना माझ्या नाकी नऊ येतात. हॅरो आधी मिडलसेक्स काउंटीमधे होतं, १९६५ मधे ग्रेटर लंडनात गेलं, पण पोस्टाला ते काही मान्य नाही, त्यांच्या लेखी हॅरो म्हणजे हॅरो. आणि सेवर्डस्टोन नावाचं एक खेडं, जे चक्क हद्दीबाहेर एसेक्समधे आहे, त्याला मात्र लंडनचा ई-४ पोस्टकोड आणि पत्त्यात ऐटीत लंडन!

विमानवाल्यांचं तर वेगळंच. ल्यूटन विमानतळ बेडफर्डशायरमधे, स्टॅनस्टेड एसेक्समधे, तरी नावापुढे लंडन आहेच. मामेभाऊ स्वस्त तिकीट बघून लंडन साउथएंडला उतरला, म्हणजे पार समुद्रकिनारी, आणि तिथून फोन, "ताई, घ्यायला येतेस ना, लंडनलाच आहे मी." म्हटलं बाबा, ट्रेन पकड, लिव्हरपूल स्ट्रीटला उतर, पुढे मेट्रोपॉलिटन लाइन थेट हॅरोला येते. तर हा घाबरून म्हणतो, "लिव्हरपूलला कशाला पाठवतेस?"

पण कहर केला आत्याने. माझ्या भावासाठी ती स्थळं बघतेय आणि मुलीकडच्यांनी पत्ता वाचून शंका काढली, त्यामुळे पहाटे फोन. "खरं सांग, लंडनच ना ते?" आता मीही इरेला पेटले. म्हटलं आत्या, काटेकोर बघायचं तर सिटी ऑफ लंडन म्हणजे जेमतेम चौरस मैलभर जागा, वस्ती २०२१च्या जनगणनेत साडेआठएक हजार, तिचा लॉर्ड मेयर वेगळा, पोलीससुद्धा वेगळे. सादिक खान मेयर आहेत ते लंडन म्हणजे ही सिटी अधिक ३२ बरो, म्हणजे पालिका विभाग, हॅरो त्यातलाच एक. नुसत्या कसबा पेठेलाच पुणे म्हणण्यासारखं आहे हे (म्हणणारे आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये).

"बरं, ते मोठं घड्याळ तरी?"

"ते वेस्टमिन्स्टरमधे, ती वेगळी सिटी. टॉवर ऑफ लंडनपण सिटी ऑफ लंडनच्या हद्दीबाहेर."

"आणि राजवाडा?"

"तोही वेस्टमिन्स्टर."

आत्या जरा थांबली. "म्हणजे राजाचं घरपण त्यात नाही? मग त्या मुलीच्या बापाला कसला एवढा ताठा! थांब, लावतेच त्याला फोन."