मोबाईलवरची मिस्सा पुरेशी नाही

वसईच्या पुतण्याशी बोलताना हल्ली एक वाद हमखास निघतो. 2020 मध्ये करोनामुळे चर्च बंद झाली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली आपली सामुदायिक उपासना, मोबाईलवर आली आणि चर्च उघडल्यावरही काही तरुण मंडळी परत फिरकली नाहीत. "काका, देव सगळीकडे आहे ना? मग गर्दीत कशाला जायचं?" सहा दिवस विरार लोकलमध्ये चेंगरणाऱ्या पोराला रविवारी झोप हवी, हे मला कळतं. अंथरुणाला खिळलेल्यांना तर ती मोबाईलवरची मिस्सा मोठा आधार आहे. पण आपण मिस्सेला फक्त स्वतःच्या समाधानासाठी जातो, हे मला मुळीच मान्य नाही.

मी कतारमध्ये, दोह्यात राहतो. इथलं रोझरी मातेचं चर्च 2008 मध्ये शहराबाहेर, सरकारने दिलेल्या जागेवर उभं राहिलं. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही. रविवार कामाचा दिवस, म्हणून रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारीच ऐकतो. केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे लोक दाटीवाटीने उभे असतात. रात्रपाळी करून आलेला एखादा वेल्डर भिंतीला टेकून पेंगत असतो, पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की खडबडून जागा होतो आणि मोठ्याने म्हणू लागतो.

आई गेली तेव्हा मला वेळेत घरी पोचता आलं नाही. त्या शुक्रवारी तीच प्रार्थना माझ्या तोंडून निघेना. आजूबाजूची, नावंही माहीत नसलेली माणसं ती म्हणत होती. माझ्या वाट्याची प्रार्थना त्या दिवशी त्यांनी केली. मोबाईलसमोर बसलो असतो तर मी गप्पच राहिलो असतो. आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, काही पडद्यातून हातात येत नाही.

गावी आपला नेहमीचा बाक दोन रविवार रिकामा दिसला की कुणीतरी ओटीवर येऊन विचारतं, "बरं आहे ना?" 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज पाद्री गेले, तरी आपली गावं ख्रिस्ती राहिली. ती या जमत राहण्यानेच तगली, असं मला वाटतं. शिवाय पूर्वी लॅटिनमध्ये होणारी मिस्सा, 1960 च्या दशकात रोमला भरलेल्या धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, तुम्हाला आपल्या मराठीत मिळते. मला इथे ती इंग्लिशमध्ये ऐकावी लागते.

सकाळी उठवत नसेल, तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. तुमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, ती नसेल, तर चार जण मिळून फादरांकडे जा आणि मागा.