दारावर आलेल्याला पाणी द्या, पैसे मात्र पावती बघूनच

मागच्या आठवड्यात धुळ्याला, देवपुरात माहेरी होते. भर दुपारी बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन पोरं, हातात आजारी बाळाचा लॅमिनेट केलेला फोटो. मी आतून येईपर्यंत आईनं अकराशे रुपये देऊनही टाकले होते. पावतीवर संस्थेचं नाव आणि एक मोबाइल नंबर. नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही. संध्याकाळी नंबर लावला तर बंद.

अकराशे गेले त्याचं एवढं नाही. आई म्हणाली, "आते कोनले दार उघडानं नही." ते मला लागलं. वासुदेव असो, पंढरीला निघालेला वारकरी असो, हिच्या दारातून कधी कोणी रिकामं गेलं नाही. त्या बाईला माणसांची भीती वाटायला लागली, याचा मला फार राग आहे. उद्या खऱ्या संस्थेचा माणूस आला तरी त्याला बंद दारच दिसणार.

म्हणून सांगते, विचारायला लाजू नका. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला नोंदणी क्रमांक असतो. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळालासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. मग बाळाच्या ऑपरेशनसाठी पैसे मागणाऱ्याला नंबर विचारला तर काय चुकलं? रोख देऊ नका, संस्थेच्याच नावाच्या खात्यात भरा. २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर आयकरातली सवलतही मिळत नाही. "आत्ताच द्या, उद्या उशीर होईल" असं म्हणणाऱ्याला तर मी काहीच देत नाही. पोरांवर मात्र ओरडू नका. अशी बरीच पोरं कमिशनवर उन्हातान्हात फिरत असतात. पाणी द्या, सावलीत बसू द्या.

फोनवाल्यांच्या बाबतीत माझ्याकडे एवढी माया नाही. आईचे गुडघे गेलेत. फोन वाजला की पुण्याहून भावाचा असेल म्हणून ती भिंतीला धरून उठते, आणि पलीकडून कोणी कर्ज घ्या म्हणतं. दिवसातून चार-पाच वेळा! "नको" म्हणून फोन ठेवणं हा उद्धटपणा नाही, हे तिला पटवायला मला दोन दिवस लागले.

तिच्याच फोनवरून १९०९ ला इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य, असा मेसेज टाकला. त्यानं जाहिरातीचे कॉल अडतात. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, हे तिला दाखवून ठेवलं. पण बरेच जण साध्या दहा आकडी नंबरावरून करतात. त्यांची तक्रारही १९०९ वरच करायची. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत कळवायचं, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावायचा.

निघायच्या दिवशी आईनं जुन्या कॅलेंडरच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दाराशी चिकटवलं: नोंदणी नंबर, पत्ता, खात्याचं नाव. आणि या तिन्हीच्या वर, सगळ्यात आधी, "पाणी विचारणे".