‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या पुरुषांच्या बायकांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता, ‘आजार नवऱ्याला आणि रडगाणं बायकोचं! तिला काय, डबा पोचवायचा आणि उशाशी बसायचं. आमच्या आईनं कधी तक्रार केली नाही. असले विषय चव्हाट्यावर कशाला?’ वर प्रोस्टेट ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशननंतर घातलेली लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, मी लिहिल्याप्रमाणे दहा दिवसांत निघत नाही, हेही ऐकवलंत.

कॅथेटरचं मान्य. एक ते दोन आठवडे म्हणायला हवं. ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडतात, तो सांधा कसा भरतो यावर ते ठरतं. पण ‘रडगाणं’ हा शब्द मी ऐकून घेणार नाही. युरॉलॉजी म्हणजे मूत्रविकारांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली आहे, ऐकीव काही लिहीत नाही. आणि नाव न घालता असं बोलणं सोपं असतं.

डबा पोचवायचा? पेशंट नळीसकट घरी येतो, तेव्हा पिशवी कोण सांभाळतं? ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पूर्ण भरायच्या आत रिकामी करायची, आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. लघवी गुलाबी असली तर घाबरायचं नाही, पाणी पिणं वाढवायचं. धार थांबून ओटीपोट फुगलं तर नळी कुठं मुडपली का बघायचं, तरी धार सुटली नाही तर लगेच दवाखाना. नळी निसटलीच, तर गल्लीतल्या डॉक्टरकडून दुसरी घालून घ्यायची नाही, ताजा सांधा फाटू शकतो. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोन. रात्री दोन वाजता हे सगळं तिलाच ठरवावं लागतं.

नळी निघाली की गळणं सुरू. शिंकलं, खोकलं, उठलं की लघवी येते. बहुतेकांचं वर्षभरात आटोक्यात येतं, पण तोवर माणूस भीतीनं पाणीच तोडतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे फार वाईट. लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, गळणं उलट वाढतं. त्याच्यामागे लागून पाणी पाजायचं तिनंच. गादीवर रबरी कापड, चादर, पुन्हा रबरी कापड, पुन्हा चादर असं अंथरायचं, म्हणजे रात्री वरचे दोन थर ओढले की खाली कोरडी जागा तयार असते. सोलापूरच्या पूर्व भागातली बाई विड्या वळणारी असेल तर तिची दर हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी त्या दिवसांत बुडते, ते वेगळंच.

चव्हाट्याचं म्हणाल तर पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं किंवा वृषणं काढण्याचं ऑपरेशन झालं की पुरुषाची इच्छा मावळते, घाम फुटतो, चिडचिड वाढते. हे औषधानं होतंय, हे तिला माहीतच नसतं, कारण डॉक्टर सांगत असताना ती बाहेर बाकावर असते. तो पाठ फिरवून झोपतो आणि ती स्वतःत खोट शोधते. काहीजणी मुलांपासून लपवून विचारतात, ‘मला लागण होईल का?’ नाही होत. जवळ झोपल्यानं नाही, संबंधानंही नाही. हे कुणीतरी उघड लिहायलाच हवं.

आईंनी तक्रार केली नाही म्हणता. त्यांना कुणी विचारलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाकी मुद्द्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

इतर वाचकांना मात्र एक विनंती: सिव्हिलला जा, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जा, पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या वेळी वहिनींना आत घेऊन जा आणि गळणं, झोप, संबंध हे तिन्ही प्रश्न त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.